गोजराच्या उतरंडी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते सुपतळ्यात विचारू नये. ज्याला त्याला वेगळा आकडा येतो आणि मग चहा गार होतो. सुपल्या डोंगराच्या माथ्यावर माणसं चुकायची तेव्हाची, एवढं धरून चला.

सुपल्या तुम्ही पाहिला नसेल. फार कुणी पाहिलेला नाही. आजूबाजूचे डोंगर नावाजलेले आहेत. कुणावर किल्ला, कुणावर लेणी, कुणावर निदान राजाच्या घोड्याची टाप उमटलेली. सुपल्यावर तसलं काही नाही. तो नुसता सुपासारखा आहे. तीन बाजूंना काठ उचललेला, मधे गवताचं भलंमोठं मैदान आणि चौथी बाजू उघडी. सुपतळे गाव त्याच्या पाठीशी. गावातून चढून गेलं की मागच्या काठात एक खिंड लागते. तिच्यातून आत शिरायचं आणि तिच्यातूनच बाहेर पडायचं. दुसरी वाट नाही. उघडी बाजू कोकणाकडे. मैदान तिकडे इतकं हळू उतरत जातं की पायाला कळतही नाही, आणि मग ते एकदम संपतं. पुढे कडा, आणि कड्याच्या तळाशी कोकण.

सुपातलं धान्य कसं पुढे सरकत जातं ते सूप हातात धरणाऱ्या बाईला सांगायला नको. श्रावणात सुपल्यावर धुकं उतरलं की आपल्याच हातातली काठी दिसेनाशी होते. त्यात माणूस खिंड शोधायला निघायचा, आणि थकलेलं पाऊल आपसूक उताराकडे पडायचं. असे कित्येक गेले. गवत कापायला गेलेले, चुकलेलं वासरू शोधायला गेलेले. सुपतळ्यात त्यांना कुणी 'मेला' म्हणत नसे. 'सुपल्यानं पाखडला' म्हणत, आणि पुढचं बोलणं दुसऱ्या विषयावर जाई.

अशा गावात गोजरा सून म्हणून आली.

ती कड्याखालच्या पाणकोंडची. अंगणात बसून सुपल्याचं तोंड बघत मोठी झालेली. कुठल्या फटीत मधाचं पोळं आहे, कुठल्या कपारीत गिधाडं बसतात, वांदरं सकाळी कड्यातल्या कुठल्या नाळेनं, पाणी उतरतं त्या घळीनं, वर जातात आणि सांजेला कुठून उतरतात, हे तिला आपल्या परसासारखं ठाऊक. लग्न झालं, वऱ्हाड डोंगराला लांबचा वळसा घालून, घाट चढून सुपतळ्याला आलं. गोजरानं सासरच्या दारात उभं राहून वर बघितलं, तर तोच डोंगर, पण पाठमोरा. तिला ओळखच पटेना. लग्नात तिचं नाव बदललं होतं. काय ठेवलं होतं ते आज कुणालाच आठवत नाही, त्यामुळे आपणही गोजराच म्हणू.

घरात सासू बनाबाई आणि नवरा म्हादू. म्हादूबद्दल फारसं काही सांगत नाहीत. तो होता, आणि बायको डोंगराकडे निघाली की "लवकर ये" म्हणायचा, एवढंच. मला ते पुष्कळ वाटतं.

बनाबाईंचं तसं नव्हतं. त्यांच्या जिभेला गाव वचकून असे, आणि त्यांची उतरंड बघायला शेजारच्या गावातून बाया येत. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मडक्यावर मडकं, सगळ्यांत खाली रांजणाएवढं, सगळ्यांत वर मुठीएवढं, आणि घरात मांजरांची झुंज झाली तरी एकही मडकं हलत नसे. सुनेला त्यांनी पहिल्याच दिवशी ती उतरंड उतरवायला आणि पुन्हा रचायला लावली. गोजरानं रचली. बनाबाईंनी बोटानं ढकलून बघितली. हलली नाही. त्यांना जरा वाईटच वाटलं असावं.

दुसऱ्या दिवशी गोजरानं विचारलं, "आत्याबाई, वर कधी जायचं?"

"वर कुठं?"

"डोंगरावर."

"तुझं काय राहिलंय तिथं?"

"काय न्हाई."

"मग?"

"बघायचं, काय हाय ते."

"मी सांगते. गवत हाय. झालं? आता पीठ मळ."

गोजरानं पीठ मळलं. आणि चार दिवसांनी सरपणाला म्हणून गेली ती सरपण न घेता परत आली. केसांत गवताची कुसळं, लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं, आणि चेहरा असा की बनाबाईंनी पिठाची परात स्वतःकडेच ओढली. तेव्हापासून ती जातच राहिली. सुपतळ्यात तोवर बाई डोंगर चढली नव्हती असं नाही. पण भारा, मोळी, गुरं असं काहीतरी कारण असल्याशिवाय कुणी चढत नसे. नुसतं चढायचं, वरती थोडं बसायचं आणि उतरायचं, हे गावाला समजेना. चोरी असती तर समजलं असतं.

"बनाकाकू, तुमची सून काल पुन्यांदा वर दिसली," पाणवठ्यावर कुणीतरी म्हणालं.

"डोळं लय चांगलं हायत गं तुझं," बनाबाई म्हणाल्या. "मग घागरीच्या बुडाचं शेवाळ कसं दिसंना?"

आणि घरी येऊन त्यांनी गोजराला त्याच घागरीवरून सुनावलं. बाहेर सुनेची बाजू घ्यायची आणि आत सुनेला घ्यायचं, हा त्यांचा न्याय होता.

असं म्हणतात, की सुपल्यावर गोजराच्या मागं मागं एक वाघरू कुत्र्यासारखं चालायचं. वाघरू कुत्र्यासारखं का चालेल ते मला कळलेलं नाही, पण गावात हे विचारायची पद्धत नाही. असंही म्हणतात, की म्हशीएवढी धोंड वाटेत आडवी आली तर ती नुसतं "सरक की जरा" म्हणायची आणि धोंड सरकायची. ती धोंड आजही दाखवतात. ती बाजूला आहे हे खरं.

तर त्या येण्याजाण्यात एकदा गोजरालाच धुक्यानं गाठलं. ती जागच्या जागी बसून राहिली. धुकं निवळायला दिवस कलला, आणि निवळल्यावर तिनं बघितलं, तर ती ज्या बाजूला खिंड समजून तोंड करून बसली होती तिकडं कडा होता. ती घरी आली, जेवली, झोपली. पण दुसऱ्या दिवसापासून ती वर जाताना ओढ्यातले काळे गुळगुळीत गोटे ओटीत बांधून नेऊ लागली.

ओढ्यातलेच का, तर सुपल्यावरचा दगड फिकट आणि खडबडीत. काळा गुळगुळीत गोटा वर दिसला की तो माणसानं आणला हे आंधळ्यालाही कळावं. खिंडीपाशी तिनं पहिली उतरंड रचली. खाली थोराड गोटा, वर मधला, त्यावर लिंबाएवढा. मग ती धुक्याची वाट बघत बसली. धुकं उतरल्यावर ती पाठीमागं चालत निघाली, उतरंडीवरची नजर न काढता, आणि ती अगदी दिसेनाशी होणार तिथं थांबली. तिथं दुसरी. दुसरीपासून तशीच तिसरी. एकीपाशी उभं राहिलं की पुढची दिसलीच पाहिजे, धुकं कितीही दाट असो. असं करत करत ती मैदान ओलांडून कड्याच्या अलीकडे आली आणि तिथं तिनं शेवटची रचली, जरा मोठी. तिच्या पुढं जायचं नाही.

किती पावसाळे लागले याबद्दल पुन्हा वाद आहेत.

"सासूची उतरंड घरात, सुनेची डोंगरावर," असं गावात हसत. बनाबाईंच्या कानावर ते गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तिची पडत न्हाई, एवढं ध्यानात ठेवा."

मग एका श्रावणात गवताला गेलेली गावातली सगळी तरणी माणसं माथ्यावर धुक्यात सापडली. खाली बायकांनी रडायला सुरुवात केली होती. आणि दिवस मावळायच्या आत सगळे उतरून आले, एकामागोमाग एक, डोक्यावर भाऱ्यांसकट. म्हणाले, काळ्या दगडांनी आणलं. एक दिसला की त्याच्याकडे जायचं, तिथं गेलं की दुसरा दिसतो. जसं कुणी हाताला धरून चालवतंय.

आता एवढं झाल्यावर सुपतळ्यानं काय करायला हवं होतं? पडलेले दगड सारखे करायचे, आणखी थोडे नेऊन ठेवायचे, गोजराला लुगडं घ्यायचं. पण चांगलं काही झालं की त्याला शेंदूर लावल्याशिवाय आपल्या माणसांना चैन पडत नाही. नागू गुरव दुसऱ्याच दिवशी तेल-शेंदराची वाटी घेऊन वर गेला आणि एकेका उतरंडीला न्हाऊ-माखू घालून आला. त्यानं तेल इतकं ओतलं, की दगडांखालची मातीसुद्धा शेंदरी झाली.

गोजराला वाटलं होतं तिला राग येईल. तिनं जाऊन बघितलं आणि ती हसली. म्हादूला म्हणाली, "बरं झालं. लांबून दिसतंय."

काळ्या दगडांना नारळ फुटू लागले, नवस बोलले जाऊ लागले. त्यांतले काही फळलेही असावेत, कारण पाटलांना नातू झाला. पाटलांनी चावडीवर विषय काढला.

"देव वर बसलाय आणि म्हाताऱ्या माणसांना चढवत न्हाई. हे बरं न्हवं. देवाला खाली आणू. पिंपळाखाली देऊळ बांधू."

"आजवर देव भक्तासाठी कुठं कुठं आलेत," नागू गुरव म्हणाला. "सुपल्यावरनं खाली यायला काय हाय?"

सगळ्यांना पटलं. न पटण्यासारखं त्यात कुणाला काही दिसलं नाही. गोजराला विचारायचं कुणाच्या मनात आलं असेलही, पण ती नागपंचमीला माहेरी गेली होती.

श्रावणातल्या सोमवारी सकाळी लख्ख ऊन होतं. ढोल, ताशा, झांजा, फुलांनी सजवलेली पालखी. पायांत बळ असलेलं सगळं गाव निघालं, बायकासुद्धा, आणि बायकांच्या पुढं आरतीचं ताट घेऊन बनाबाई. त्या जन्मात पहिल्यांदा सुपल्या चढत होत्या. सून घरी नसताना चढत होत्या, हेही लोकांनी ध्यानात घेतलं.

खिंडीत पहिली उतरंड लागली. आरती झाली, गुरवानं दगड कडेवर घेतल्यासारखे उचलले आणि पालखीत ठेवले. मग दुसरी. मग तिसरी. ढोल वाजत होता, गुलाल उडत होता. एकेक देव उचलत गाव मैदानातून पुढं पुढं गेलं आणि कड्याच्या अलीकडची शेवटची उतरंड, ती मोठी, तीही त्यांनी जयघोष करून उचलली. पालखी भरली. आठ जणांना पेलवेना अशी भरली.

आणि गाव परत फिरायला वळलं, तेव्हा धुकं उतरलं.

इथं सांगणारे नेहमी जरा थांबतात. लहान मुलांना लगेच कळतं काय झालं ते. मोठ्यांना क्षणभर वेळ लागतो.

सगळे देव पालखीत होते. वाट दाखवायला मागं एकही राहिला नव्हता.

"ह्या अंगाला," पाटील म्हणाले.

"न्हाई पाटील, येताना वारा डाव्या गालाला होता," कुणी म्हणालं.

"देव संगती हायत, देव नेतील," नागू गुरव म्हणाला. आणि ढोल वाजवणाऱ्याला म्हणाला, "वाजव रं. भिऊ नगा कुणी."

ढोल वाजत राहिला. गाव चालत राहिलं. चालताना चढ लागतोय की उतार, ते कुणाच्या पायाला कळलं नाही.

खाली पाणकोंडला गोजरा अंगणात बसली होती. माहेरपणाची म्हणून तिला कुणी कामाला हात लावू देत नव्हतं, तेव्हा ती आपली कड्याकडे बघत होती. कडा अर्धा ढगात होता. आणि त्या ढगातून ढोल ऐकू आला.

तिची भावजय सूप पाखडता पाखडता म्हणाली, "वन्सं, सासरची आली वाजतगाजत न्यायला! एवढा कसला गं जीव लागलाय त्यांचा?"

गोजरा उठून उभी राहिली. "त्या अंगानं कुणी येत न्हाई," ती म्हणाली.

ढोल हलत होता. कड्याच्या एका टोकाकडून दुसऱ्याकडे, आणि प्रत्येक वेळी थोडा जास्त स्पष्ट. गोजरा पायातली जोडवी काढून भावजयीच्या हातात देऊन निघाली ती धावतच कड्याच्या पायथ्याशी, वांदरांच्या नाळेपाशी गेली. तिथून तिनं तोंडाशी हात धरून हाक दिली.

असं म्हणतात, की ती हाक कड्याला धरून वर चढली.

वर धुक्यात गाव चालत होतं, आणि पायाखालून, जमिनीतून आल्यासारखा बाईचा आवाज आला, "खाली बसा! हाय तिथं खाली बसा!"

गाव बसलं. पालखी टेकली. गुरवानं हात जोडले. पाटील बसले. एकट्या बनाबाई ताट धरून उभ्या.

"कोण सांगतंय ते कळल्याबिगर मी बसायची न्हाई," त्या म्हणाल्या.

खालून आवाज आला, "आत्याबाई, तुम्ही पण!"

बनाबाई बसल्या. इतक्या पटकन बसल्या, की पाय मुरगळला आणि हातातलं ताट सुटलं. ते ओल्या गवतावरून घसरत पुढं गेलं, धुक्यात शिरलं. सगळे ताट आपटल्याच्या आवाजाची वाट बघत राहिले. आवाज आला. पण फार वेळानं आला, आणि फार खालून आला.

त्यानंतर ढोल कुणी वाजवला नाही.

गोजरा त्या नाळेनं वर आली. नाळेत श्रावणाचं पाणी धो धो कोसळत होतं, तिथून आजवर माणूस चढला नव्हता. असं म्हणतात, की ती चढत असताना पाणी अंग चोरून एका बाजूनं पडत होतं. असंही म्हणतात, की वांदरांची म्हातारी तिच्या पुढं चालली होती आणि कुठं हात घालायचा ते मागं वळून दाखवत होती. पाणकोंडकर एवढंच सांगतात, की लहानपणापासून ज्या वाटेकडे ती बघत बसायची, त्याच वाटेनं ती गेली.

कड्याच्या ओठावर आधी तिचा हात आला. मग डोकं. केसांतून पाणी निथळत होतं. नागू गुरव देवीच्या नावानं किंचाळला.

"ओरडू नगा गुरवकाका," गोजरा म्हणाली. "हात द्या."

वर आल्यावर तिनं पालखीत बघितलं. मग गावाकडे बघितलं. ती काय बोलली असेल यावर सुपतळ्यात फार विचार झालेला आहे. ज्याला त्याला वेगळंच ऐकू आलेलं आहे.

तेवढ्यात वाऱ्याच्या एका झोताबरोबर कड्याकडचं धुकं फाटलं. बनाबाईंच्या पायापासून हातभर अंतरावर जमीन संपली होती. त्यांनी मान पुढं करून बघितलं. फार खाली हिरव्या खाचरांत चार घरं होती, आणि एका अंगणात एक बाई सूप टाकून वर बघत उभी होती.

"ते काय गं?"

"पाणकोंड. फणसाखालचं घर आमचं."

बनाबाईंनी आणखी पुढं वाकून फणस शोधला. "एवढं जवळ?"

"सरळ बघितलं तर."

"हे बघायला येत हुतीस व्हय रोज?"

"रोज कुठं. धुकं नसंल तवा."

"मग तसं सांगायचं न्हाईस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, हिचं माहेर सुटंना."

बनाबाईंनी मुरगळलेला पाय चोळायला घेतला. कारण त्या अगदी हेच म्हणाल्या असत्या.

धुकं पुन्हा मिटलं. आता खिंड कुठं ते गोजरालाही दिसत नव्हतं. पण तिच्या उतरंडी किती अंतरावर होत्या ते तिला माहीत होतं: एकीवरून दुसरी जेमतेम दिसेल एवढ्या. आणि दगड उचलले तरी त्यांच्या जागा उचलता येत नाहीत. जवळच चाचपडत तिला शेवटच्या उतरंडीची जागा सापडली. गवत पिवळं पडून जमिनीला चिकटलेलं, आणि मातीत नागू गुरवाच्या तेल-शेंदराचा लाल डाग. गुरवाचं तेल काही वाया गेलं नाही.

तिनं पालखीतून तिथले दगड काढले, पुन्हा रचले आणि पाटलांना शेजारी उभं केलं. "पाटीलबाबा, सगळं गाव पुढं जाईतवर ही जागा सोडायची न्हाई."

"आणि मी ऱ्हायलो मागं तर?"

"मागलं माणूस दिसल्याबिगर पुढलं हलणार न्हाई. मी पण."

मग ती कड्याकडे तोंड करून, पाटलांवर नजर ठेवून पाठीमागं चालत गेली, ते दिसेनासे होईतो, आणि तिथं डावीउजवीकडे सरकत लाल डाग शोधला. सापडला. पालखी पुढं आली, दगड खाली उतरले, उतरंड उभी राहिली, तिच्यापाशी ढोलवाला उभा राहिला. पुढच्या जागी गुरव. त्याच्या पुढं म्हादू. डाग सापडायला कुठं वेळ लागायचा, कुठं पाय नेमका त्यावरच पडायचा. ज्यांनी जे देव उचलले होते त्यांनीच ते पुन्हा खाली ठेवले. कुणी जयघोष केला नाही. एकमेकांना हाका मारत, एक माणूस एका दगडाशी, असं अख्खं गाव मैदानभर एका ओळीत उभं राहिलं आणि मागून पुढं सरकत गेलं.

खिंडीत शेवटचे दगड रचले तेव्हा पालखी रिकामी झाली होती. म्हणजे अगदी रिकामी नव्हती. मुरगळलेल्या पायामुळे बनाबाईंना चालवत नव्हतं, आणि जसजसे देव उतरत गेले तसतशी जागा होत गेली, तेव्हा मैदानाच्या मध्यावर कुठंतरी म्हादूनं आईला उचलून पालखीत बसवलं होतं.

सगळ्यात मागून पाटील धुक्यातून बाहेर आले. गोजरानं त्यांना बघितलं आणि मगच ती खिंडीतून हलली.

गावात राहिलेली म्हातारीकोतारी वेशीवर ओवाळायला उभी होती. त्यांनी पालखी येताना बघितली आणि सवयीनं सगळे वाकले.

"नमस्कार कसले करताय," पालखीतून बनाबाई म्हणाल्या, "खाली उतरवा मला. आणि हळू! दगड नेताना कसं जपून नेत हुतात!"

त्या उतरल्या तेव्हा पालखीत सांडलेला सगळा शेंदूर त्यांच्या लुगड्याला मागून लागला होता. तो कधी निघाला नाही, आणि बनाबाईंनी ते लुगडं टाकलंही नाही. सणासुदीला नेसत. कुणी हसलं तर त्याच्याकडे बघत, आणि तो हसायचा थांबे.

गोजराचं पुढं काय झालं? कुणी म्हणतं, एका श्रावणात ती वर गेली आणि धुकं झाली. कुणी म्हणतं, ती म्हातारी झाली, दात पडले, आणि दुपारची पेज पिऊन भिंतीला टेकली ती तशीच गेली. गावाला पहिलं आवडतं. मला दुसरं बरं वाटतं.

पिंपळाखालचं देऊळ झालं नाही. पण श्रावणात सुपतळ्याची पालखी अजून निघते, आणि आसपासच्या गावांना तिचं हसू येतं, कारण त्यांच्या पालख्यांत देव बसून येतात. सुपतळ्याची पालखी ओढ्यातले काळे गोटे भरून वर जाते. ज्या उतरंडी पावसानं, गुरांनी पाडल्या असतील त्या रचत रचत ती कड्याच्या अलीकडे पोचते. गावात त्या वर्षी आलेल्या सुनेच्या ओटीत एक गोटा सासूनं घालायचा असतो, आणि वर पोचल्यावर सुनेला तिचं माहेर दाखवायचं असतं. दिसत नसलं तरी दिशा दाखवतात. सासूला दिशा माहीत नसेल, तर तिनं आधी विचारून ठेवायची असते. वाटतं तितकं हे साधं नाही. पुष्कळ घरांत त्यावरून पहिल्यांदा नीट बोलणं होतं.

येताना पालखीत गावातली सगळ्यांत थकलेली सासू बसते. तिनं वाटभर कुरकुर करायची, असा रिवाज आहे. गप्प बसली तर भोई पालखी खाली ठेवून विचारतात, बरं वाटत नाही का?

शेंदूर आजही लावतात, लांबून दिसावा म्हणून. हात कुणी जोडत नाही. ओळीतून परतताना प्रत्येक उतरंडीपाशी एक माणूस उभं राहतं, ऊन असो की धुकं, आणि मागचं माणूस नजरेला पडेपर्यंत जागा सोडत नाही. सगळ्यांत शेवटी जो खिंडीतून बाहेर येतो त्याला पुढचे विचारतात, "मागं कोण?" तो वळून एकदा पुन्हा नीट बघतो, आणि मग सांगतो, "कुणी न्हाई. चला."